एमएस असलेल्या प्रौढांनी संगणकावरचा बौद्धिक सराव कसा करावा

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘एमएस’, हा आजार चालण्यावर, नजरेवर आणि लघवीवरच्या ताब्यावर परिणाम करतो हे बहुतेक घरांना निदानानंतर लवकरच कळते. तो विचार करण्याच्या क्षमतेवरही परिणाम करतो हे मात्र अनेकांना वर्षानुवर्षे कोणी सांगतच नाही, कारण चालताना जाणारा तोल डॉक्टरांना दिसतो, पण मनात रेंगाळलेला विचार दिसत नाही. वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये एमएस असलेल्या साधारण ४० ते ६५ टक्के प्रौढांमध्ये असा बौद्धिक त्रास आढळलेला आहे. त्यात सर्वाधिक आढळणारी गोष्ट म्हणजे माहिती समजून घेण्याचा आणि तिच्यावर विचार करण्याचा वेग कमी होणे. त्यानंतर नवी माहिती लक्षात ठेवणे आणि एकाच वेळी दोन-तीन कामांचे भान राखणे यांचा क्रम लागतो. भाषा, जुन्या आठवणी आणि सर्वसाधारण समज बहुधा शाबूत राहते, म्हणूनच समोरच्याला ‘तुला तर काही झालेले दिसत नाही’ असे वाटते.

प्रत्यक्षात ही तक्रार फार साध्या रूपात येते. मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून बँकेच्या पानावर टाकेपर्यंत मधले आकडे निसटतात. ऑफिसच्या बैठकीत दोघे एकाच वेळी बोलू लागले की दोघांचेही बोलणे हातून जाते. फोडणी टाकलेली असताना दाराची घंटा वाजली, तर परत आल्यावर मीठ घातले होते की नाही हे आठवत नाही. मेंदूतील चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण खराब झाल्याने संदेशांचा प्रवास मंदावतो आणि कालांतराने काही तंतू नष्टही होतात. त्यामुळे उत्तर ठाऊक असते, पण ते वेळेत हाती लागत नाही.

संगणकावरचा बौद्धिक सराव याच दुखण्यासाठी वापरला जातो. तो औषधाला पर्याय नाही आणि आजाराची वाटचाल थांबवत नाही. योग्य व्यक्तीने, योग्य पद्धतीने आणि पुरेसे आठवडे केल्यास त्याचा माफक फायदा होऊ शकतो. हा फायदा पडद्यावरच्या गुणांपुरता राहायचा की स्वयंपाकघर, बँक आणि ऑफिसपर्यंत पोचायचा, हे मुख्यत्वे सरावाच्या आधीच्या तयारीवर आणि सरावानंतरच्या कामावर ठरते. म्हणून या लेखात संगणकासमोर प्रत्यक्ष बसण्यापेक्षा या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

आधी अपेक्षा ठरवाव्यात

घरून करायच्या सरावाबद्दलचा सर्वांत उपयोगी अभ्यास न्यूयॉर्कमध्ये झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात बौद्धिक त्रास असलेल्या १३५ एमएसग्रस्त प्रौढांचे दोन गट केले होते. एका गटाला ‘ब्रेनएचक्यू’ या कार्यक्रमातील, कौशल्यानुसार आपोआप अवघड होत जाणारे सराव दिले गेले आणि दुसऱ्या गटाला शब्दकोडी, पत्ते अशा प्रकारचे साधे संगणकी खेळ दिले गेले. दोन्ही गटांनी घरीच, दिवसाला १ तास, आठवड्यातून ५ दिवस, १२ आठवडे, म्हणजे एकूण ६० तासांचे लक्ष्य ठेवून सराव करायचा होता आणि तंत्रज्ञ ठरावीक काळाने फोन करून त्यांची विचारपूस करत होते. अखेरीस चाचण्यांमधील सुधारणा पहिल्या गटात अधिक दिसली, आणि तीही साध्या खेळांच्या गटाने सरासरी जास्त तास खेळूनसुद्धा. याचा अर्थ नुसते तास भरून भागत नाही, सरावाची रचना महत्त्वाची ठरते. अर्थात हा फरक लहान होता, हेही त्याच दमात सांगायला हवे.

दुसऱ्या बाजूला ‘कॉगएक्स’ नावाची मोठी चाचणी आहे, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. ती कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, इटली, बेल्जियम आणि डेन्मार्क या ६ देशांतील ११ केंद्रांवर झाली आणि तिच्यात हळूहळू वाढत जाणाऱ्या, म्हणजे प्रोग्रेसिव्ह प्रकारच्या एमएसचे ३११ जण होते. ‘रेहाकॉम’ या जर्मन सॉफ्टवेअरवरचा सराव आणि व्यायाम एकत्र दिल्यास विचारांचा वेग अधिक वाढतो का, हे तिथे १२ आठवडे पाहिले गेले. सर्व गटांत थोडी सुधारणा दिसली, पण खरा सराव आणि खरा व्यायाम मिळालेला गट नाममात्र सराव मिळालेल्या गटांच्या पुढे गेला नाही.

हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून माझे मत असे बनले आहे की रिलॅप्सिंग, म्हणजे मधूनमधून अचानक बळावून पुन्हा ओसरणाऱ्या प्रकारचा एमएस असलेल्या, वेग मंदावल्याची तक्रार असलेल्या आणि आठवड्यातून चार-पाच दिवस वेळ देऊ शकणाऱ्या व्यक्तीने हा सराव अवश्य करून पाहावा. प्रोग्रेसिव्ह एमएसमध्ये करायला हरकत नाही, पण त्यासाठी महागडे सदस्यत्व घेण्यापूर्वी आपल्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलावे आणि या लेखात पुढे येणाऱ्या स्मरणाच्या युक्त्यांवर अधिक भर द्यावा.

पहिली पायरी: त्रास खरोखर एमएसमुळेच आहे का, हे तपासणे

ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि बहुतेक निराशेचे मूळही इथेच असते. विचार मंदावण्याची कितीतरी कारणे अशी आहेत की ती दूर केल्यास संगणकाची गरजच उरत नाही किंवा निदान सरावाचा उपयोग होऊ लागतो.

झोप पहिली. रात्री तीन वेळा लघवीला उठणारी, पायांत पेटके येणारी किंवा जोरात घोरणारी व्यक्ती सकाळी ताज्या डोक्याने सरावाला बसूच शकत नाही. नैराश्य दुसरे. एमएस असलेल्या सुमारे निम्म्या लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याला तोंड द्यावे लागते आणि त्यात लक्ष व स्मरण दोन्ही घसरतात. आपल्याकडे ‘मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणून हा विषय मिटवला जातो, पण त्यावर उपचार आहेत आणि ते आधी घ्यावेत. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी घरांत सर्रास आढळते आणि तिची लक्षणे एमएसच्या लक्षणांत सहज मिसळून जातात. म्हणून ब-१२ आणि थायरॉइड या दोन रक्ततपासण्या करून घेणे शहाणपणाचे आहे.

औषधांची यादीही एकदा डॉक्टरांसमोर उघडून ठेवावी. लघवीची घाई कमी करणाऱ्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्या, स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेन, वेदनेसाठीचे गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांमुळे गुंगी आणि विसराळूपणा येऊ शकतो. यांपैकी कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये, विशेषतः बॅक्लोफेन, कारण ते एकदम थांबवल्यास गंभीर त्रास होऊ शकतो. मात्रा किंवा वेळ बदलता येईल का, एवढेच विचारावे.

बौद्धिक घसरण काही दिवसांत अचानक झाली असेल, तर प्रश्न वेगळा असतो. लघवीचा संसर्ग किंवा ताप असेल तर एमएसची जुनी लक्षणे उफाळून येतात, आणि क्वचित रिलॅप्स मुख्यतः बौद्धिक लक्षणांच्या रूपातच येतो. अशा वेळी सराव सुरू करू नये, डॉक्टरांकडे जावे.

दुसरी पायरी: सुरुवातीचे मोजमाप

सुरुवातीला कुठे होतो याची नोंद नसेल, तर १२ आठवड्यांनंतर ‘बरे वाटते आहे’ याखेरीज हाती काही राहत नाही. एमएससाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी चाचणी म्हणजे सिम्बॉल डिजिट मोडॅलिटीज टेस्ट, थोडक्यात एसडीएमटी. कागदाच्या वरच्या भागात ९ चिन्हे असतात आणि प्रत्येकाखाली १ ते ९ मधला एक आकडा असतो. खाली नुसत्या चिन्हांच्या ओळी असतात, आणि प्रत्येक चिन्हाचा आकडा वरच्या किल्लीत पाहून ९० सेकंदांत जितके जमतील तितके सांगायचे असतात. एमएसमध्ये हाताला कंप किंवा अशक्तपणा असू शकतो म्हणून उत्तरे लिहिण्याऐवजी तोंडी घेतली जातात. एमएसमध्ये या चाचणीत ४ गुणांचा बदल साधारणपणे दखल घेण्याजोगा मानला जातो. त्याहून कमी चढउतार त्या दिवसाच्या झोपेमुळे किंवा थकव्यामुळेही होऊ शकतो. निदानानंतर लवकरात लवकर ही चाचणी एकदा करावी आणि पुढे दरवर्षी करत राहावी, अशी शिफारस अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१८ मध्ये केलेली आहे.

थोडा अधिक वेळ असेल तर ‘बायकॅम्स’ हा तीन चाचण्यांचा संच करून घेता येतो. त्यात एसडीएमटीबरोबर शब्दांची यादी लक्षात ठेवण्याची आणि आकृत्या आठवून काढण्याची अशा दोन लहान चाचण्या असतात आणि सगळे मिळून सुमारे १५ मिनिटे लागतात. शब्दांची चाचणी ज्या भाषेत विचार चालतो त्या भाषेत झाली तरच तिला अर्थ आहे. आयुष्यभर मराठीत बोललेल्या व्यक्तीने इंग्रजी शब्दांच्या यादीत कमी गुण मिळवले, तर त्यातून स्मरणशक्तीबद्दल काही सिद्ध होत नाही. आकड्यांच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे, उत्तरे मराठीत ‘सात, दोन, नऊ’ अशी द्यायची की इंग्रजीत, हे आधी ठरवून पुढच्या खेपेलाही तीच भाषा ठेवावी.

ही तपासणी न्यूरोसायकॉलॉजिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा प्रशिक्षित ऑक्युपेशनल थेरपिस्ट करतात. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत हे तज्ज्ञ भेटू शकतात, आणि लहान गावात राहणाऱ्यांनी न्यूरॉलॉजिस्टच्या पुढच्या भेटीच्या दिवशीच ही तपासणी जमवून आणावी. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई आणि पुण्यासह अनेक शहरांत शाखा आहेत, तिथेही चौकशी करता येते. इंटरनेटवर सापडलेली चाचणी घरी वारंवार सोडवून पाहू नये. सवयीने गुण वाढतात आणि खरे मोजमाप कायमचे बिघडते.

तिसरी पायरी: रोजच्या आयुष्यातले एकच काम निवडणे

सराव कशासाठी करायचा, याचे उत्तर ‘स्मरणशक्ती वाढवण्यासाठी’ असे असेल तर ते पुरेसे नाही. एखादे ठोस, रोजचे आणि मोजता येईल असे काम निवडावे. ‘आलेला ओटीपी दुसऱ्यांदा न पाहता टाकणे’, ‘सकाळच्या बैठकीतले तीन मुद्दे जेवणाच्या सुट्टीत न पाहता लिहून काढणे’, ‘दुकानातून सात वस्तू यादी न उघडता आणणे’ ही अशी कामे आहेत. सराव सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यात ते काम किती वेळा जमले आणि किती वेळा फसले याच्या वहीत साध्या खुणा कराव्यात. घरातल्या एखाद्या माणसाने स्वतंत्रपणे तीच नोंद ठेवली तर अधिक चांगले, कारण नैराश्यात माणूस स्वतःचा त्रास वाढवून सांगतो आणि आजार पुढे सरकल्यावर कधीकधी हा त्रास त्याच्या स्वतःच्या लक्षातही येत नाही.

चौथी पायरी: कार्यक्रमाची निवड

‘मेंदू तल्लख करणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ॲपची संख्या अफाट आहे आणि त्यांतील बहुतेकांची एमएसमध्ये कधीच परीक्षा झालेली नाही. ‘ल्युमॉसिटी’ या लोकप्रिय ॲपच्या कंपनीला पुराव्याशिवाय मोठे दावे केल्याबद्दल २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले होते. जाहिरातीत मेंदूचा रंगीत स्कॅन दाखवला म्हणून विश्वास ठेवू नये, एवढा बोध त्यातून घ्यावा.

कार्यक्रमात एक गोष्ट असायलाच हवी, ती म्हणजे त्याची अवघडपणाची पातळी प्रत्येक उत्तरानुसार आपोआप वरखाली झाली पाहिजे. सतत शंभर टक्के बरोबर येत असेल तर मेंदूवर ताण पडत नाही आणि निम्मी उत्तरे चुकत असतील तर माणूस आठवड्याभरात कंटाळून सोडतो. साधारण पाचांपैकी चार उत्तरे बरोबर येतील अशा टप्प्यावर ठेवणारा सराव टिकतो. याशिवाय त्यात वेग, लक्ष आणि कार्यस्मृती (काम करताना लागणारी माहिती तेवढ्यापुरती मनात धरून ठेवणे) अशा एकाहून अधिक क्षमतांचे सराव असावेत, प्रगतीची नोंद थेरपिस्टला पाहता यावी, आणि शक्यतो एमएस असलेल्या लोकांवर त्याचा अभ्यास प्रसिद्ध झालेला असावा. वर उल्लेख केलेले ब्रेनएचक्यू घरच्या संगणकावर किंवा टॅबवर चालते, तर रेहाकॉम मुख्यतः पुनर्वसन केंद्रांत थेरपिस्टच्या देखरेखीखाली वापरले जाते आणि त्याला मोठ्या बटणांचा स्वतंत्र कीबोर्ड मिळत असल्याने हाताला कंप असणाऱ्यांची सोय होते.

भाषेची अडचण खरी आहे. अशा बहुतेक कार्यक्रमांच्या सूचना इंग्रजीत असतात आणि काही सरावांत तर अमेरिकी उच्चारातली अक्षरे वेगाने ऐकवून ती ओळखायला सांगितलेली असतात. ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे त्यांनी असे ऐकण्याचे सराव बाजूला ठेवून चित्रे, जागा, दिशा आणि हालचाल यांवर आधारलेले सराव निवडावेत. इंग्रजी कळत नाही म्हणून चुकलेले उत्तर हे मंद वेगाचे लक्षण म्हणून नोंदले जाऊ नये. सूचना पहिल्या दिवशी घरातल्या कोणीतरी मराठीत समजावून सांगाव्यात आणि एका कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवाव्यात.

पैसे भरण्यापूर्वी मोफत मिळणारे सराव आठवडाभर करून पाहावेत. वर्षाचे सदस्यत्व लगेच घेऊ नये.

पाचवी पायरी: जागा, पडदा आणि उकाडा

मोबाइलच्या लहान पडद्यावर हा सराव करू नये, कारण एमएसमध्ये डोळ्याच्या नसेला सूज येऊन गेलेली असल्यास रंग फिके दिसतात आणि बारीक फरक निसटतात. लॅपटॉप किंवा किमान दहा इंची टॅब घ्यावा, उजेड पडद्याच्या मागून न येता बाजूने येईल असे बसावे आणि पडद्यावरची अक्षरे मोठी करावीत. एकाचे दोन दिसत असतील किंवा डोळे थरथरत असतील, तर आधी नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, नाहीतर मेंदूच्या वेगाऐवजी नजरेचीच परीक्षा होत राहते. कंप असलेल्या हाताला माउसपेक्षा स्पर्शाचा पडदा किंवा कीबोर्डवरची दोनच बटणे सोपी जातात आणि कोपराखाली उशी घेतल्याने हात स्थिर राहतो.

उष्णतेकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. शरीराचे तापमान थोडेसे वाढले तरी मायलिन गेलेल्या तंतूंमधून संदेश जाणे तात्पुरते अडते. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये व्यायामानंतर रुग्णांची नजर मंदावते हे नोंदवले, म्हणून या प्रकाराला त्याचे नाव मिळाले. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी सरावाला बसणे म्हणजे स्वतःहून कमी गुण मागून घेणे होय. उन्हाळ्यात सराव पहाटे किंवा सकाळी लवकर करावा, त्याआधी गार पाण्याने अंघोळ करावी, मानेवर ओला पंचा ठेवावा आणि दिवे जाण्याची वेळ ठरलेली असेल तर ती टाळावी. त्या काळात गुण घसरले तर घाबरू नये, अंग गार झाल्यावर ते पूर्ववत होतात.

सहावी पायरी: वेळापत्रक

अभ्यासात रोज १ तास होता म्हणून पहिल्याच दिवशी तासभर बसू नये. एमएसचा थकवा हा आळस नसतो आणि इच्छाशक्तीने तो ढकलता येत नाही. पहिल्या आठवड्यात १५ मिनिटांपासून सुरुवात करावी, दर आठवड्याला पाच-दहा मिनिटे वाढवावीत, आणि जमल्यास साठ मिनिटांपर्यंत जावे. तास एकाच बैठकीत पूर्ण करण्याची गरज नाही. ३० मिनिटांचे दोन भाग करून मध्ये डोळे मिटून पडून राहिले तरी चालते. सरावाआधी आणि नंतर थकवा ० ते १० मध्ये किती आहे हे लिहावे, आणि नंतरचा आकडा आधीपेक्षा ३ किंवा अधिक वाढलेला असेल तर दुसऱ्या दिवशीची वेळ कमी करावी. (हा ३ चा आकडा कोणत्याही संशोधनातला नाही, व्यवहारात पाळायला सोपा म्हणून सुचवला आहे.)

आठवड्यातले दोन दिवस रिकामे ठेवावेत. गणपती, दिवाळी, घरातले लग्न अशा काळात सराव तुटणारच आहे, तेव्हा १२ आठवड्यांची सुरुवात अशा दिवसांच्या तोंडावर करू नये. रिलॅप्ससाठी स्टिरॉइडचे इंजेक्शन चालू असताना झोप उडते आणि मन अस्वस्थ होते, त्या आठवड्यात सराव पूर्ण थांबवावा. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा कमी वेळापासून सुरू करावा.

सातवी पायरी: विचारपूस करणारे माणूस

घरून होणारा सराव बंद पडतो तो बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या आठवड्यात, जेव्हा नवलाई संपलेली असते आणि फायदा अजून दिसत नसतो. न्यूयॉर्कच्या अभ्यासातही विचारपुशीच्या फोनची सोय मुद्दाम ठेवलेली होती. थेरपिस्ट असा फोन करायला तयार असेल तर उत्तमच, नसेल तर भाऊ, वहिनी, मैत्रीण, कोणीही चालेल, फक्त ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी आणि तेच तीन प्रश्न: किती दिवस बसलीस, कोणता सराव अवघड गेला, आणि वहीतल्या कामाचे काय झाले.

जोडीदाराने हे काम घेण्यापूर्वी विचार करावा. ‘आज बसला नाहीत वाटतं’ हे वाक्य काळजीपोटी आले तरी रोज ऐकले की शाळेतल्या हजेरीसारखे वाटू लागते, आणि त्यातून होणाऱ्या भांडणात सराव आधी बळी पडतो. शेजारी बसून उत्तरे सुचवणे तर कटाक्षाने टाळावे. कार्यक्रमाला वाटते की व्यक्तीची प्रगती झाली, तो पातळी वाढवतो, आणि दुसऱ्या दिवशी एकटी बसलेली व्यक्ती धडाधड चुकू लागते.

आठवी पायरी: प्रत्यक्ष सराव

एक सराव जवळून पाहू. ब्रेनएचक्यूमधील ‘डबल डिसिजन’ या सरावात पडद्याच्या मधोमध क्षणभर एक वाहन दिसते, ते मोटार असते किंवा ट्रक. त्याच क्षणी कडेला कुठेतरी रस्त्याची एक विशिष्ट पाटी चमकते. मग सर्व काही पुसले जाते, आणि मधले वाहन कोणते होते व पाटी कोणत्या बाजूला होती ही दोन्ही उत्तरे द्यायची असतात. बरोबर आल्यास पुढच्या वेळी दृश्य आणखी कमी काळ टिकते, पाटी मधल्या वाहनापासून दूर जाते आणि तिच्याभोवती फसव्या पाट्यांची गर्दी वाढते. चुकल्यास काळ पुन्हा थोडा वाढतो. हात किती चपळ आहे याच्याशी इथे संबंध नाही, उत्तराला हवा तेवढा वेळ घेता येतो, मोजला जातो तो पाहण्याचा आणि समजण्याचा वेग.

अशा सरावात नवशिके लोक नजर कडेला फिरवून पाटी शोधू लागतात आणि मधले वाहन गमावतात. नजर मध्यावर स्थिर ठेवावी आणि कडेचे जे जाणवेल ते जाणवू द्यावे. उत्तर खात्रीचे नसेल तरी द्यावे, अंदाज बांधणे हा सरावाचाच भाग आहे. गुण एखाद्या पातळीवर दहा-बारा दिवस अडकून राहणे अगदी स्वाभाविक आहे. त्या वेळी तोच सराव हट्टाने करत बसण्याऐवजी दुसऱ्या क्षमतेचा सराव घ्यावा आणि आठवड्याने परत यावे. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत आणि दार लोटलेले, एवढी शिस्त मात्र पाळावी.

नववी पायरी: पडद्यावरून घरात

सगळ्या मार्गदर्शनात ही पायरी सर्वांत कमी सांगितली जाते. ट्रक आणि मोटार ओळखण्यात पटाईत झालेला मेंदू आपोआप किराणा लक्षात ठेवू लागत नाही. म्हणून प्रत्येक सरावानंतर लगेच दहा मिनिटे तिसऱ्या पायरीत निवडलेल्या कामासाठी राखून ठेवावीत.

वेगाचे काम निवडले असेल तर घरच्या माणसाने सहा आकडे मोबाइलवर पाठवावेत, ते एकदा पाहून, मोबाइल पालथा ठेवून कागदावर लिहावेत. जमू लागले की रेडिओ चालू ठेवून तेच करावे. ऑफिसच्या बैठकीचे काम असेल तर बातम्यांचा पाच मिनिटांचा भाग ऐकून त्यातले तीन मुद्दे लिहावेत, नंतर पुन्हा ऐकून तपासावेत.

स्मरणासाठी अमेरिकेतील केसलर फाउंडेशनने अभ्यासलेली कथा-पद्धत वापरावी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ८६ जण होते आणि ५ आठवड्यांत १० सत्रे झाली होती. त्यांत आधी ऐकलेली गोष्ट मनात चित्र करून पाहायला, मग सुट्या शब्दांतून गोष्ट रचायला आणि शेवटच्या सत्रांत हीच युक्ती रोजच्या कामांत वापरायला शिकवले गेले. ती शिकलेल्यांचे नवी माहिती लक्षात ठेवणे सुधारले. घरी ती अशी करता येते. समजा, तूरडाळ, साबण, कोथिंबीर, उदबत्ती, गूळ आणि घड्याळाचा सेल आणायचा आहे. उदबत्ती लावायला देवघरात गेले तर सेल संपून घड्याळ थांबलेले, वेळ कळली नाही म्हणून कुकरमध्ये तूरडाळ करपली, ती काढायला साबणाची अख्खी वडी संपली, उरलेल्या डाळीत गूळ घालून चव सावरली आणि करपट वास झाकायला वरून मूठभर कोथिंबीर पेरली. प्रत्येक प्रसंग डोळ्यांसमोर रंगासह आणावा, गोष्ट जितकी विचित्र तितकी पक्की बसते. गोष्ट स्वतः रचलेली असावी, दुसऱ्याने दिलेली तितकी टिकत नाही.

यानंतर यादी पुन्हा पुन्हा वाचू नये. ती झाकून आठवून पाहावी, आधी पाच मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने, मग झोपण्यापूर्वी. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण्याचा प्रयत्न अधिक टिकाऊ ठरतो, हे एमएस असलेल्या लोकांतही दिसून आले आहे.

त्याच वेळी मोबाइलचा गजर, भिंतीवरची पाटी, किल्ल्यांसाठी दाराजवळचा एकच खिळा ही साधने खुशाल वापरावीत. ती वापरल्याने मेंदू आळशी होतो हा समज चुकीचा आहे. गोळी घेण्याची वेळ हा स्मरणशक्तीची परीक्षा घेण्याचा विषय नव्हेच. नोकरी करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. शांत जागा किंवा बैठकीचे लेखी मुद्दे मिळावेत अशी विनंती कामाच्या ठिकाणी करताना त्याचा आधार घेता येतो.

दहावी पायरी: पुन्हा मोजणे आणि पुढचा निर्णय

१२ आठवडे पूर्ण झाल्यावर, शक्यतो त्याच तज्ज्ञाकडे, दिवसाच्या त्याच वेळी आणि एसडीएमटीचा पर्यायी नमुना वापरून पुन्हा तपासणी करावी, म्हणजे पाठ झाल्याचा परिणाम कमी होतो. सोबत वहीतल्या खुणा न्याव्यात. चाचणीचे गुण ४ किंवा अधिक वाढले आणि निवडलेले कामही सुधारले, तर आठवड्यातून एक-दोन दिवसांचा सराव चालू ठेवून नवे काम निवडावे. गुण वाढले पण काम तिथेच राहिले, तर नवव्या पायरीला मिळणारा वेळ दुप्पट करावा आणि पडद्यावरचा निम्मा करावा. काम सुधारले पण गुण हलले नाहीत, तर समाधान मानावे, जगायचे आहे ते त्या कामासह, चाचणीसह नव्हे. गुण उलट ४ किंवा अधिक घसरले असतील तर तो सरावाचा दोष समजू नये, आजार आतून सक्रिय आहे का हे पाहण्यासाठी न्यूरॉलॉजिस्टना लगेच कळवावे, कारण एमआरआय किंवा औषध बदलण्याचा निर्णय त्यावर अवलंबून असू शकतो.

दोन्हींत काहीच फरक नसेल, तर संगणकाचा सराव निःसंकोच बंद करावा आणि तोच वेळ कथा-पद्धत, झोप आणि फिजिओथेरपिस्टने आखून दिलेला व्यायाम यांना द्यावा. सदस्यत्व कार्डवरून आपोआप नूतनीकरण होणारे असेल, तर ते त्याच दिवशी ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन रद्द करावे. नुसते ॲप काढून टाकल्याने पैसे कापले जाणे थांबत नाही.